फुकट निरोपांचा व्यापार

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, गारगोटीच्या रस्त्यास लागून कळंबा नावाचे गाव आहे. करवीर तालुक्यातील ह्या गावाचे नाव दोन गोष्टींमुळे सर्वतोमुखी झाले. एक तेथील तलाव आणि दुसरी तेथील मध्यवर्ती कारागृह. तलावाचे पाणी उताराने शहरास पुरविण्याची योजना संस्थानी अमलात झाली. शहरात ते पाणी जेथे साठविले जाई त्या भागास लोक अद्यापि 'पाण्याचा खजिना' असेच म्हणतात. कारागृहाची गोष्ट निराळी. ज्या वस्तू आत जाऊ नयेत म्हणून भिंती उंच बांधल्या, त्या वस्तूंच्या यादीत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. डिसेंबर २०२० मध्ये गांजाबरोबर मोबाईलची पुडकीही ह्या भिंतीवरून आत फेकण्यात आली, आणि त्यानंतरच्या वर्षांतही झडतीत मोबाईल सापडल्याच्या बातम्या वारंवार छापून आल्या.

बंदीजन ज्या वस्तूकरिता शिक्षा वाढण्याचा धोका पत्करतो, त्या वस्तूतून मिळणारा मुख्य लाभ भिंतीबाहेरच्या मनुष्यास फुकट पडतो. कळंब्याच्या पाराजवळ बसलेला शेतकरी उसाच्या तोडीचा निरोप, भाचीच्या साखरपुड्याची छायाचित्रे आणि दूरदेशी गेलेल्या मुलाचा आवाज हे सारे व्हॉट्सॲपवर एक पैसा न मोजता घेतो व देतो. इंटरनेटचा आकार तो दूरध्वनी कंपनीस भरतो हे खरे. पण निरोप पोचविणाऱ्या कंपनीस तो काहीच देत नाही. टपालखात्याचे साधे कार्डसुद्धा कधी फुकट मिळाले नाही. मग ही कंपनी जगते कशावर? नुसती जगते असे नव्हे, तर जगातील अतिशय धनाढ्य कंपन्यांत तिची गणना होते. व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ह्या तिन्ही दुकानांचा धनी एकच आहे. २८ ऑक्टोबर २०२१ पासून त्याचे नाव मेटा. त्यापूर्वी ते फेसबुक असे होते. २०२४ साली ह्या कंपनीचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरांहून अधिक झाले आणि त्यातील १६० अब्जांहून अधिक केवळ जाहिरातींचे होते. म्हणजे शेकडा सत्त्याण्णवांहून जास्त. तेव्हा निरोपांचा व्यापार असे तिच्या धंद्यास लोक म्हणत असले, तरी वहीखात्याप्रमाणे पाहता तो जाहिरातींचा व्यापार होय.

हा व्यापार नवा वाटतो, परंतु त्याचे मूळ जवळजवळ दोनशे वर्षे जुने आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. मराठीतील हे पहिले वृत्तपत्र वर्गणीदारांच्या आश्रयाने सुमारे साडेआठ वर्षे चालले. वर्गणीदार थोडे, खर्च मोठा आणि संपादकाची कळकळ त्याहून मोठी, असा तो प्रकार. 'दर्पण' निघाल्यानंतर दोन वर्षांच्या आतच, ३ सप्टेंबर १८३३ रोजी, न्यूयॉर्क शहरात बेंजामिन डे नावाच्या मुद्रकाने 'सन' हे दैनिक एका सेंटास विकावयास काढले. इतर पत्रांची किंमत त्या वेळी सहा सेंट असे. एका सेंटात अंकाचा खर्च भागेना. पण डे याचा हिशेब वेगळा होता. स्वस्त अंक हजारो लोक घेतील, आणि ते हजारो डोळे दाखवून जाहिरातदारांकडून पैसा काढता येईल, हे त्याने ओळखले. वाचकास बातमी विकावयाची आणि जाहिरातदारास वाचक विकावयाचा, अशी ही दुहेरी विक्री होती. तिचे पहिले फळ काय आले तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ऑगस्ट १८३५ मध्ये ह्याच पत्राने चंद्रावर प्राणी आणि पंख असलेली माणसे दिसल्याची लेखमाला छापली. ती निखालस बनावट होती. परंतु खप मात्र वाढला, आणि कट उघडकीस आल्यावरही तो विशेष उतरला नाही.

महाराष्ट्रात त्या काळी वृत्तपत्राचे गणित ह्या थरास गेले नव्हते. येथे पत्र काढणे म्हणजे पदरचे घालणे होते. तथापि बनावट मजकुराचा घाव येथल्या पत्रांसही बसला, आणि तो बसला तो कोल्हापूरच्याच प्रकरणात. ह्या नव्या व्यापाराचे परीक्षण करताना ते प्रकरण विस्ताराने आठवणे उपयोगाचे आहे.

१८७१ साली करवीरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज दत्तक आले तेव्हा ते आठ वर्षांचे बालक होते. कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चाले. पुढे राजपुत्राच्या मनावर परिणाम झाला आहे असे सांगण्यात येऊ लागले, त्याच्याभोवती पहारा बसला, आणि त्यास क्रूरपणे वागविले जाते अशी वदंता दक्षिण महाराष्ट्रात पसरली. राज्याचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे हे होते. लोकांचा सारा रोष त्यांच्यावर. पुण्यात १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे नुकतीच सुरू झाली होती. आगरकर 'केसरी'चे आणि टिळक 'मराठा'चे संपादक. दोघेही पंचविशीच्या आतबाहेरचे. बर्व्यांनी लिहिली म्हणून सांगण्यात आलेली काही पत्रे पुण्यात हिंडू लागली. त्यांवरून राजपुत्राच्या जिवावर उठलेला कट बर्व्यांनी रचला असा अर्थ निघे. तरुण संपादकांनी त्यांवर भरवसा ठेवला आणि कारभाऱ्यांवर कडक टीका छापली.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दोघांसही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आहे. (खटल्याच्या आरंभी त्यांच्या जामिनाकरिता पुढे आलेले रामशेठ उरवणे हे जोतीराव फुल्यांचे स्नेही होते. मतभेद असूनही जोतीरावांनी ह्या तरुण संपादकांच्या मदतीस आपला माणूस धाडला, ही हकीकत शाळेतील मुलांस सांगण्यासारखी आहे.) ज्या राजपुत्रासाठी हे सारे झाले त्याचा शेवट मात्र दुःखाचा झाला. त्यास अहमदनगर येथे ठेवण्यात आले होते, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर तो मृत्यू पावला. मूळ संशय अगदीच निराधार नव्हता, असे म्हणणाऱ्यांस त्यामुळे आधार मिळाला.

हा खटला न्याय्य होता की नव्हता, हा प्रश्न येथे नाही. महत्त्वाची गोष्ट एवढीच की, खोटी पत्रे कोणी लिहिली हे गुलदस्तात राहिले तरी ती खरी मानून मजकूर कोणी छापला हे जगजाहीर होते. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे सक्तीचे केले होते. सरकारने तो कायदा लोकांवर नजर ठेवण्यासाठीच केला, यात शंका नाही. तो तब्बल दीड शतक टिकला. २०२३ साली केलेल्या नव्या कायद्याने १ मार्च २०२४ पासून त्याची जागा घेतली. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, मजकुराच्या मागे जबाब देणारा माणूस उभा असलाच पाहिजे, ही कल्पना आपल्या समाजात रुजली. कोल्हापुरातच १९३९ साली ग. गो. जाधवांनी 'पुढारी' दैनिक काढले, किंवा कोणी तालुक्याच्या गावी चार पानांचे साप्ताहिक चालविले, तरी शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत ती एक ओळ असे. वाचक ती कधी वाचत नसत. पण फिर्यादी मात्र नेमकी तीच वाची.

ध्वनिक्षेपणाची रीत आरंभी याहून निराळी होती. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाचा परवाना घ्यावा आणि त्या शुल्कातून कार्यक्रम चालावेत, असा तो व्यवहार. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा पुष्कळ जाणत्या श्रोत्यांनी नाके मुरडली. गाण्याच्या दोन कडव्यांत साबण शिरला, अशी त्यांची तक्रार. पण त्या जाहिरातीस एक मर्यादा होती. रेडिओला श्रोता दिसत नसे. कळंब्यात कोण ऐकतो आणि कागलात कोण, तो कर्जात आहे की मुलीच्या लग्नाच्या खटपटीत, हे जाहिरातदारास ठाऊक नव्हते. साबणवाला सर्वांस एकच साबण सांगे.

ही मर्यादा फेसबुकने मोडली. ४ फेब्रुवारी २००४ रोजी मार्क झुकरबर्ग आणि त्याच्या सोबत्यांनी हार्वर्ड विद्यापीठात हे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा ते विद्यार्थ्यांच्या ओळखीपाळखीचे साधन होते. खरे नाव, गाव, शाळा, वाढदिवस, स्नेही, आवडीनिवडी हे सारे माणूस स्वखुशीने भरून देत असे. जनगणनेच्या कारकुनास जे सांगताना माणूस दहादा विचार करतो, ते तो येथे हौसेने लिहून ठेवी. नोव्हेंबर २००७ मध्ये कंपनीने ह्या माहितीवर चालणारी जाहिरात-व्यवस्था उघडली. तिचे स्वरूप बाजार समितीतल्या गुळाच्या सौद्यासारखे आहे. फरक इतकाच की सौद्यास गुळाची ढेप न लागता माणसाची नजर लागते. कोल्हापुरी चपलांचा एखादा दुकानदार, पुण्यामुंबईच्या अमुक वयाच्या, लग्नसराईच्या खरेदीत रस घेणाऱ्या लोकांस आपली जाहिरात दिसावी, असे कळवून आपली बोली लावतो. दुसरे दुकानदारही त्याच लोकांसाठी बोली लावतात. त्या मनुष्याने पडदा उघडताच क्षणार्धात सौदा तुटतो आणि ज्यास तो लाभला त्याची चपल समोर येते. केवळ रकमेवर नव्हे, तर ही जाहिरात तो मनुष्य पाहील व दाबील ह्या अंदाजावरही निकाल लागतो. दुकानदारास ही सोय खरोखरीची आहे. शंभर-दोनशे रुपयांत जाहिरात करण्याची संधी लहान व्यापाऱ्यास पूर्वी कधी नव्हती. दैनिकाच्या पहिल्या पानाचा दर ऐकूनच तो परत फिरे.

परंतु सौद्यास माल भरपूर यावयाचा, तर माणसाने पडद्यापाशी अधिक वेळ बसले पाहिजे. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने स्नेह्यांच्या साऱ्या हालचाली एका अखंड प्रवाहात आणून दाखविण्यास सुरुवात केली. पुढे त्या प्रवाहात काय वर ठेवावे आणि काय खाली, हे यंत्रगणिताने ठरू लागले. ज्यावर लोक बोलतात, भांडतात, जे पुढे धाडतात, ते वर. २०१७ पासून काही काळ असा नियम होता की, साध्या पसंतीच्या खुणेपेक्षा रागाच्या किंवा आश्चर्याच्या चेहऱ्याची खूण पाचपट मोलाची धरावी. ही गोष्ट कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ साली बाहेर आली. रागाच्या चेहऱ्याने पुढे येणारा मजकूर खोटा वा विषारी असण्याचा संभव अधिक, असे कंपनीच्या अभ्यासकांस आढळल्यावर ते मोल क्रमाक्रमाने कमी करीत अखेर २०२० साली शून्यावर आणले गेले. म्हणजे चूक सुधारली. पण ती अशी चालली होती हे लोकांस कळले ते ती सुधारल्यानंतर. १८३५ च्या चंद्रावरील पंखवाल्या माणसांची येथे आठवण होते. तेथे निदान एक संपादक होता आणि त्याने मुद्दाम खोटे छापले. येथे खोटे कोणी मुद्दाम वर चढविले असे म्हणता येत नाही. हिशेबानेच ते वर चढविले.

व्हॉट्सॲपची कुळकथा वेगळी आहे. यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ साली ते काढले तेव्हा जाहिराती घ्यावयाच्या नाहीत, हाच त्यांचा बाणा होता. कित्येक ठिकाणी वर्षाला एक डॉलर शुल्क घ्यावे, एवढेच. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने हा ५५ माणसांचा कारखाना सुमारे १९ अब्ज डॉलरांस घेण्याचे जाहीर केले. त्यापूर्वी २०१२ मध्ये इन्स्टाग्राम १ अब्ज डॉलरांस घेतलेच होते. विक्रीच्या वेळी युरोपातील अधिकाऱ्यांस असे सांगण्यात आले की, व्हॉट्सॲप आणि फेसबुक यांवरील एकाच माणसाची खाती आपोआप जुळविणे शक्य नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ती माहिती जुळविण्याचा मार्ग कंपनीनेच खुला केला. त्यावर मे २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने दिशाभूल केल्याबद्दल ११ कोटी युरो दंड केला. भारतात जानेवारी २०२१ मध्ये 'नवा करार मान्य करा' अशी सूचना प्रत्येक मोबाईलवर आली. गावोगावच्या लोकांनी ती न वाचताच मान्य केली, आणि मान्य न करून करणार तरी काय? गावचा सारा गोतावळा त्याच एका ठिकाणी. ह्याच सक्तीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली.

भारताविषयी कंपनीस आस्था का, हे समजण्यास दोन आकडे पुरेत. २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत अमेरिका आणि कॅनडातील प्रत्येक फेसबुक-वापरकर्त्यामागे कंपनीस सरासरी ६८ डॉलरांहून अधिक मिळाले. आशिया-पॅसिफिक भागात, ज्यात भारत येतो, माणशी साडेपाच डॉलर. आपल्या माणसाची नजर बाजारात स्वस्त जाते. पण माणसे अमाप आहेत. म्हणून ती गोळा करण्याची घाई. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने काही ठराविक संकेतस्थळे फुकट दाखविण्याची योजना फेसबुकने ज्या राज्यांत सुरू केली त्यांत महाराष्ट्र होता, आणि तिच्या भाषांत मराठीही होती. गरिबास इंटरनेट देतो, असे सांगण्यात आले. टीकाकार म्हणाले, हे इंटरनेट नव्हे, कुंपण घातलेला परडा आहे. योजनेच्या समर्थनार्थ डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने वृत्तपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने असा भेदभावाचा दर बेकायदा ठरविला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट इतके स्वस्त झाले की, त्या कुंपणाची गरजच उरली नाही. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के भाग विकत घेतला.

ह्या भागीदारीचा एक गमतीचा प्रसंग कोल्हापूर जिल्ह्यातच घडला. जुलै २०२५ च्या अखेरीस शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची हत्तीण न्यायालयाच्या आदेशानुसार गुजरातेतील वनतारा येथे हलविण्यात आली. लोक खवळले आणि वनताराचे चालक ते जिओचेही चालक म्हणून जिओवर बहिष्कार घालण्याची हाक निघाली. कित्येकांनी आपले क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेले. ही हाक पसरली मुख्यत्वेकरून व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून. म्हणजे ज्या कंपनीचा जिओत दहावा हिस्सा, तिच्याच साधनांनी. कंपनीला त्यात नुकसान झाले असेल तर एका हाताने झाले आणि दुसऱ्या हाताने भरून निघाले.

असो. जेथे हसू येत नाही अशा गोष्टींकडे वळले पाहिजे. २०१४ साली शिवछत्रपतींची आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर आली. त्यांवरून पुण्यात आणि इतर शहरांत दंगे झाले, आणि २ जून रोजी हडपसर येथे एका तरुण संगणक-कर्मचाऱ्यास जमावाने ठार मारले. चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस मुले पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत मारण्यात आले. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे सोलापूर जिल्ह्याकडची. मुले पळविणाऱ्या टोळीची वदंता व्हॉट्सॲपवरून हिंडत होती. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने पुढे धाडलेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये असा निर्बंध घातला, आणि खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात हे लोकांस सांगण्यासाठी जाहिराती दिल्या. कोठे? छापील वृत्तपत्रांत, पानभर. लोकांस विश्वासाने काही सांगावयाचे असेल तर जबाबदार मुद्रकाचे नाव असलेल्या कागदाकडे जावे, हे कंपनीसही उमगले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आणि मग खुद्द कोल्हापूर. ६ जून २०२३, शिवराज्याभिषेकाचा दिवस. काही तरुणांनी मोबाईलवर लावलेल्या आक्षेपार्ह 'स्टेटस'वरून शहर तापले. ७ जून रोजी बंद पुकारण्यात आला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, दुकानांची व वाहनांची मोडतोड झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि अश्रुधूर सोडला, इंटरनेट बंद करण्यात आले. राजर्षी शाहूंच्या नगरीत असे घडावे, याचे दुःख सर्व पक्षांच्या वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविले. स्टेटस लावणाऱ्यांवर आणि दगड मारणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. लावणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. ज्याच्या हातगाडीची काच फुटली त्यास नुकसान सोसावे लागले. इंटरनेट बंद झाल्याने ज्यांचे पैसे अडकले ते अडकून राहिले. ह्या साऱ्या हिशेबात ज्या कंपनीच्या फळ्यावर तो मजकूर लागला तिचे नाव कोणत्याही बाजूस नव्हते.

हे कायद्यास धरूनच होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ७९ व्या कलमाने अशा मध्यस्थांस संरक्षण दिले आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरास मध्यस्थ जबाबदार नाही. मात्र योग्य आदेश मिळाल्यावर त्याने तो काढला पाहिजे. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश न्यायालयाचा किंवा सरकारचा असला पाहिजे, असे स्पष्ट केले. त्याच निकालात ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरले. त्या कलमाचा इतिहासही महाराष्ट्रातलाच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेबांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदवर फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन मुलींस अटक झाली होती. एकीने लिहिले आणि दुसरीने फक्त पसंतीची खूण केली, एवढाच अपराध. तेव्हा मध्यस्थास संरक्षण नको असे सरसकट म्हणणे उथळपणाचे होईल. प्रत्येक पत्राच्या मजकुरासाठी पोस्टमनास तुरुंगात घालू लागलो तर कोणी पत्रे वाटणार नाही, आणि ज्याच्या हाती सत्ता तो नको ती पत्रे प्रथम बंद करील. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ ह्या भागांतील अडकलेल्या लोकांचे पत्ते ह्याच फुकट निरोपांनी नावाड्यांस पोचविले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरी धाटणीची चपल नाव न घेता मांडली, तेव्हा आपल्या लोकांनी समाजमाध्यमांवर उठविलेल्या हाकाटीनेच तिला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. हे जमेस धरलेच पाहिजे.

मुद्दा एवढाच की, पोस्टमन पत्रे वाटतो. कोणते पत्र सर्वांत वर ठेवावे हे तो ठरवीत नाही. व्हॉट्सॲपवरील खाजगी निरोप पोस्टाच्या पाकिटासारखा आहे. एप्रिल २०१६ पासून तो कुलूपबंद जातो आणि कंपनीसही वाचता येत नाही. त्याविषयी पोस्टमनाची सबब चालेल. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या प्रवाहास ती कशी चालावी? तेथे लाखो मजकुरांतून निवड होते, क्रम लागतो, काही उचलले जाते, काही दडपले जाते. ह्या कामास १८८१ साली पुण्यात संपादन म्हणत. ते माणसाने न करता यंत्राने केले म्हणून त्याचे नाव बदलते काय? नफ्याच्या वेळी संपादक आणि फिर्यादीच्या वेळी पोस्टमन, अशी दोन पागोटी एकाच डोक्यावर ठेवण्याची सवलत टिळक-आगरकरांस नव्हती.

आणि निवड करणाऱ्या ह्या यंत्राला मराठी कितपत कळते, हाही प्रश्न आहे. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन ह्या माजी कर्मचारी बाईंनी उघड केलेल्या कागदपत्रांत असे आढळले की, खोटी माहिती हुडकण्याच्या कामासाठी राखलेल्या निधीपैकी शेकडा ८७ भाग एकट्या अमेरिकेसाठी आणि उरलेले १३ साऱ्या जगासाठी होते. बाहेरच्या तपासनीसांचे काम ह्या आकड्यांत धरलेले नाही, असे कंपनीचे उत्तर होते. भारताच्या २२ मान्य भाषांपैकी पाचच भाषांसाठी यंत्रे तयार केल्याचे त्या वेळी कंपनीने सांगितले. साडेपाच डॉलरांच्या नजरेमागे साडेपाच डॉलरांचाच चौकीदार, हा व्यापारी हिशेब म्हणून समजतो. परंतु धुळ्याच्या आठवडी बाजारातील अफवेचे मोल डॉलरांत होत नाही.

माहितीच्या चोरीचे प्रकरण थोडक्यात सांगून टाकणे बरे. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका ह्या राजकीय सल्लागार कंपनीने फेसबुकवरील माणसांची माहिती त्यांच्या नकळत मिळविल्याचे उघड झाले. असे लोक ८ कोटी ७० लाखांपर्यंत असावेत, त्यांत सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय, असे फेसबुकनेच कळविले. अमेरिकेत पुढच्या वर्षी ५ अब्ज डॉलर दंड झाला. भारतीयांच्या वाट्यास क्षमायाचनेचे पत्र आले.

जाहिराती न घेण्याचा बाणा ज्यांनी बांधला होता ते ॲक्टन २०१७ मध्ये आणि कूम २०१८ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकांस धाडलेल्या निरोपांवर आकार घेण्यास २०१८ पासूनच सुरुवात झाली होती. बँकेचा, गॅसचा, औषधाच्या दुकानाचा जो निरोप सकाळी येतो त्याचे पैसे धाडणारा भरतो. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की, यापुढे व्हॉट्सॲपवरील स्टेटसच्या पानावरही जाहिराती दाखविण्यात येतील. खाजगी निरोपांस हात लावला जाणार नाही, आणि जाहिरात निवडताना देश वा शहर, भाषा आणि माणूस काय पाहतो यांसारखी माहिती वापरली जाईल. ज्या पानावरील मजकुरामुळे जून २०२३ मध्ये शिवाजी चौकात अश्रुधूर सोडावा लागला, तेच हे पान. त्यावर एका शेजाऱ्याच्या नातवाचा वाढदिवस आणि दुसऱ्याच्या बैलजोडीचे छायाचित्र, या दोहोंच्या मधली जागा आता सौद्यास लागली आहे.